गायवानातला चिनी चहा: कधी नुसतं पाणी, कधी कडूजहर, वर तवंग. चुकतंय कुठे?

मेहरूणचं_बोर (जळगाव):

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे. थोडक्यात विचारला असता, पण मग तुम्हीच उलट विचारणार की पाणी कोणतं, पत्ती किती, भांडं कसलं. म्हणून सगळं एकदाच ओतते.

नणंदेचा मुलगा इथे चटईच्या कारखान्यात मशीनवर आहे. नवं मशीन बघायला मालकासोबत ग्वांगझूला जाऊन आला. मी सांगितलं होतं, मामीला काही आणू नको, सुखरूप ये. तरी खोकं आणलंच. आत झाकण आणि बशी असलेला पांढरा वाडगा, त्याला गायवान म्हणतात म्हणे. चोच असलेलं एक काचेचं भांडं. सहा पेले, एवढेसे की आमच्या देव्हाऱ्यातली तीर्थाची वाटी त्यांच्यापेक्षा मोठी. चंदेरी रंगाची वीस पाकिटं, प्रत्येकात ७ ग्रॅम तिएग्वानयिन. हिरव्यागार, गुंडाळून घट्ट केलेल्या गोळ्या, साधारण वाटाण्याएवढ्या. आणि कागदात बांधलेली एक काळी चकती. कागदावर सगळं चिनी, मला वाचता आलं ते फक्त ३५७ ग्रॅम. सासूबाई साक्रीकडच्या. त्यांनी ती चकती उलटीपालटी करून पाहिली नि नातवाला विचारलं, "हाई गवरी कसाले आनी रे भो?"

पहिल्या दिवशी मी अडाण्यासारखं केलं ते कबूल करते. एक पाकीट पातेल्यात, आलं, साखर, दूध, पाच मिनिटं उकळी. भुरकट रंगाचं गोड दूध झालं. ते बेसिनमध्ये गेलं.

मग भाच्याने व्हिडिओ कॉलवर शिकवलं. पाकीट गायवानात टाक, उकळतं पाणी घाल, दहा सेकंदांत काचेच्या भांड्यात ओत. ओतलं. रंग म्हणजे काय, उसाच्या रसात बर्फ विरघळल्यावर उरतो तसा. आमचे हे म्हणाले, नुसतं पाणी आहे. मला वाटलं दहा सेकंदांत काय उतरणार, आपण दुसऱ्यांदा दोन मिनिटं ठेवू. दोन मिनिटांनी जे आलं ते कडूजहर. किराईत बरा.

त्यात दोन गोष्टी आणखी. एक, गायवान उचलताना मधल्या बोटाला टरारून फोड आला. आठ दिवस भाकरी थापता आली नाही (भाकऱ्या ह्यांनी केल्या, त्या वेगळ्या धाग्याचा विषय आहे). दोन, पेल्यातला चहा जरा निवला की वर चकचकीत पापुद्रा धरतो. पेला हलवला की त्याला तडे जातात. तवंग शेवभाजीवर शोभतो हो, चहावर नाही.

आणि ती काळी चकती, पुएर. कोपरा मोडून केला. वास अगदी पावसात भिजलेल्या सरकीच्या ढेपेचा. माहेरी गुरं होती, मला तो वास पक्का माहीत आहे. खराब झालाय का? भाचा म्हणतो असाच असतो. त्याला काय माहीत, त्याने दुकानदाराने दिला तो उचलला.

पाणी बोअरचं वापरते. पिण्याला आरओ आहे, पण म्हटलं उकळणारच आहोत तर आरओ कशाला वाया घालवा. केटल साधी, विजेची. कुणाला माहीत असेल तर सांगा, अठरा पाकिटं शिल्लक आहेत.

चाळीसगावची_टपरी:

ताई, तीस वर्षं चहा विकी ऱ्हायनू. नाव गायवान नी दूध नही? आठेच बिघडनं सगळं.

धुळ्याचा_पुण्यात:

टपरीवाले भाऊ, दंडवत. हा विनोद मी आता आयुष्यभर वापरणार.

ताई, मी गल्ली नंबर पाचचा, पोटासाठी पुण्यात. सहा वर्षं हाच नाद आहे, त्यामुळे तुमच्या सगळ्या चुका आधी मी केल्यात. फोडासकट.

कडूचं कारण सोपं आहे. चहाच्या दोन रीती आहेत आणि तुम्ही त्यांची मिसळ केलीत. मोठ्या किटलीत पत्ती थोडी, पाणी भरपूर, वेळ तीन-चार मिनिटं, ही एक रीत. फूच्येन नि ग्वांगतोंग प्रांतांतली, विशेषतः छाओचौकडची गोंगफूची रीत नेमकी उलटी. पत्ती भरपूर, पाणी शंभर-एकशेदहा मिली, वेळ काही सेकंद. ७ ग्रॅम पत्ती एवढ्याशा पाण्यात दोन मिनिटं ठेवणं म्हणजे ठेचा वाटीने खाणं. ठेचा चांगलाच असतो, पण भाकरीच्या घासाला लावून.

आता 'नुसतं पाणी' का वाटलं ते. आपला सीटीसी दाणा यंत्रात चिरडून, फाडून, वळून तयार होतो. पाण्यात पडला की सगळं एकदम सोडतो, म्हणून त्याला दूध-साखरेशी झुंजता येतं. तुमच्या पाकिटातल्या गोळ्या म्हणजे अख्खी पानं आहेत, देठासकट मुडपून गच्च वळलेली. पहिल्या पाण्यात ती फक्त जागी होतात. ते पहिलं पाणी मुळात प्यायचं नसतंच! ओतायचं, लगेच काढायचं, त्याच पाण्याने पेले गरम करून घ्यायचे. झाकण घालून अर्धा मिनिट थांबायचं, आतल्या वाफेवर गोळ्या सैल होतात. मग खरा पहिला घोट, पंधरा सेकंद. दुसरा दहाच, कारण आता पान उघडलेलं असतं. तिसऱ्याला पंधरा, पुढे प्रत्येक वेळी पाच-दहा सेकंद वाढवत न्यायचं. सात-आठ पाणी आरामात निघतात. घड्याळ बघू नका, हात गुंततात. मी बाराचा पाढा म्हणतो. बारा दाहे वीसासे म्हटलं की ओत.

ओतताना गायवान पूर्ण निथळू द्या. तळाशी चमचाभर जरी राहिलं तरी ते पुढच्या ओतण्यापर्यंत पानात मुरतं आणि पुढचा पेला कडू करतं. आणि सरळ पेल्यात ओतू नका, पहिला पेला फिका नि शेवटचा जाळ होतो. त्यासाठीच ते काचेचं भांडं. चिनी लोक त्याला गोंगदाओ पेइ म्हणतात, म्हणजे न्यायाचं भांडं. सगळ्यांना सारखंच. पंगतीत वाढणाऱ्याकडे असायला हवं असं भांडं.

फोडाचं. तुम्ही काठोकाठ भरत असणार. गायवानाची कड बाहेर वळलेली असते, ती चिमटीत धरायला. पाणी त्या वळणाच्या खालीच राहिलं पाहिजे, म्हणजे कड तापत नाही. अंगठा नि मधलं बोट समोरासमोर कडेवर, तर्जनी झाकणाच्या गुंडीवर. झाकण तिरकं करून फट एवढीच ठेवायची की पाणी जाईल नि पान अडेल. परात घ्या, गार पाण्याने वीस वेळा ओतून बघा, मग गरमाला हात लावा. आणि ओतताना घाबरून हळू ओतू नका, हळू ओतलं की वाफ बोटांवर येते. एका दमात ओतायचं.

पुएर खराब नाही, बहुतेक. युन्नानचा चहा. तुमची चकती काळी आहे म्हणजे 'शोउ', शिजवलेला पुएर. पूर्वी हा चहा वर्षानुवर्षं ठेवून मुरवत. १९७३ च्या सुमारास खुनमिंगच्या कारखान्यात जलद रीत बसवली. पानांचा ढीग रचायचा, पाणी मारायचं, झाकून ठेवायचा. आत जंतूंचं काम सुरू होतं, ढीग तापतो, मधूनमधून उलथावा लागतो, दीड-दोन महिन्यांत पान काळं होतं. ढेपेचा वास येतो कारण काम त्याच जातीचं आहे. तो वास हवेवर उडतो. वीस-तीस ग्रॅम मोकळा करून मातीच्या बोळक्यात फडकं बांधून पंधरा दिवस ठेवा, आणि करताना दोन पाणी फेकून द्या. मात्र आंबूस वास आला किंवा पांढरी-हिरवी लव दिसली तर सरळ टाकून द्या.

३५७ चं कोडं पण सांगून टाकतो. सात चकत्यांची एक चवड बांबूच्या सालीत बांधतात, सात गुणिले ३५७ म्हणजे अडीच किलोला एक ग्रॅम कमी. चवडी मोजल्या की माल मोजला.

आणि एक आगाऊ सूचना. आता भाच्याला यीशिंगच्या लाल मातीची किटली आणायला सांगाल, प्रत्येकाला तो मोह होतो. थांबा. ती माती सच्छिद्र, चहाचा वास धरते, एका किटलीत एकाच जातीचा चहा करावा लागतो, आणि स्वस्तात मिळते ती बहुधा ती मातीच नसते. गायवान काही धरत नाही, काही लपवत नाही. शिकायला तोच बरा.

पापुद्र्याचं मला नीट सांगता येणार नाही, पुण्यात धरणाचं पाणी आहे.

लोकोशेड_भुसावळ:

पापुद्र्यावर मी बोलतो. माझं शिक्षण बेताचं, पण पाण्याने आम्हाला फार छळलंय.

वडील वाफेच्या इंजिनांवर होते, मी शेडला लागलो तेव्हा वाफेचे शेवटचे दिवस होते. बॉयलर ठरावीक दिवसांनी गार करून, धुऊन, आतला खार काढावा लागायचा. अंगठ्याएवढ्या जाडीच्या खपल्या मी हाताने काढल्यात. नळ्यांवर खार बसला की तेवढ्याच वाफेला कोळसा जास्त जळतो. म्हणून वडील गाडी कुठल्या स्टेशनवर पाणी घेते हे बघत, कोळसा कुठला ते नंतर.

ताई, शाळेत आपल्याला 'दुष्फेन पाणी' शिकवलं होतं, साबणाला फेस न येणारं. बोअरचं पाणी खडकातून येतं, कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. तुम्ही म्हणता उकळणारच आहोत. अहो, उकळल्याने जंतू मरतात, क्षार मरत नाहीत. उकळलं की थोडा चुना होऊन केटलीच्या बुडाशी बसतो, बाकीचा तुमच्या पेल्यात. तिथे चहातला तुरट अंश, हा चुना नि हवा यांचं लग्न लागतं नि वर पापुद्रा धरतो. खात्री करायची असेल तर लिंबाचा एक थेंब टाका, पापुद्रा जाईल. चहाही जाईल म्हणा.

केटलीत डोकावून बघा. पांढरं दिसलं तर लिंबूसत्व एक चमचा, पाणी, उकळी, अर्धा तास ठेवा, धुवा.

पण लगेच आरओवर उडी मारू नका. आरओच्या पाण्यात काही उरतच नाही. आमच्या सुनेने तसला हिरवा चहा केला होता, घशाखाली उतरला नि आठवणीतून गेला. तुमच्याकडे तीन पाणी आहेत, बोअर, नळ, आरओ. तिन्ही एकदा समोरासमोर बसवा. गायवान नको. तीन सारखे कप, प्रत्येकी दोन ग्रॅम पत्ती, कढत पाणी, वर बशी, पाच मिनिटं. इथे कडू झालं तरी चालेल, दोष ठळक दिसले पाहिजेत. कपांच्या बुडाला खडूने आकडे घाला आणि ओतायला दुसऱ्याला बसवा, तुम्हाला कळता कामा नये. स्वतःचा चहा स्वतः तपासला की तो नेहमी पास होतो.

आणि चाखताना आवाज करा. जोरात फुरका. हवा आत गेली की वास नाकाच्या मागून वर चढतो. चहाच्या लिलावासाठी माल चाखणारे असंच करतात. आपल्याकडे बशीतून फुरके मारणाऱ्याला उगाच हसतात.

मेहरूणचं_बोर:

काका, केटलीत डोकावले. अक्षरशः चुन्याची भिंत. दोन वर्षांत एकदाही आत पाहिलं नव्हतं. लाज वाटली म्हणून फोटो टाकत नाही.

रविवारी करते प्रयोग. दोन ग्रॅम मोजायचे कसे हा प्रश्न पडला होता, पण जळगावात काट्याला काय तोटा. शेजारी सराफी काम करतात, त्यांच्याकडचा खिशातला काटा मागून ठेवलाय. त्यांनी विचारलं, काय मोजायचंय वहिनी? म्हटलं चहा. गप्प बसले.

सातपुडा_पायथा (शहादा):

धागा उशिरा बघितला. पाण्याचा विषय निघालाच आहे म्हणून. आठव्या शतकात चीनमध्ये लू यू नावाचा गृहस्थ होऊन गेला, चहावर सगळ्यांत आधी सविस्तर लिहिणारा. त्याने पाण्याची प्रतवारी लावली आहे: डोंगरातलं उत्तम, नदीचं मध्यम, विहिरीचं कनिष्ठ. म्हणजे बोअरवाल्यांना बाराशे वर्षांपूर्वीच नापास करून ठेवलंय. (डोंगरातलं म्हणून कुणी उनपदेवच्या गरम झऱ्याचं आणायला जाऊ नका. आयतं गरम मिळेल, पण चहाचं नाव काढायचं नाही.)

उकळी ओळखायची खूण पण त्याचीच. आधी माशाच्या डोळ्यांएवढे बुडबुडे, बारीक आवाज. मग कडेने मोत्यांची सर. मग लाटा. त्यापुढे गेलं की पाणी म्हातारं झालं, घेऊ नये. तो वेगळ्या तऱ्हेने चहा करायचा, पूड करून, मीठ घालून, पण डोळ्यांची खूण आजही चालते. तुमच्या तिएग्वानयिनला नि पुएरला पूर्ण कढत पाणीच लागतं. साधा हिरवा चहा, लोंगचिंगसारखा, कधी हाती आला तर मात्र कढत घालू नका, पानं भाजतात. तिथे पंच्याहत्तर-ऐंशी अंश. थर्मामीटर नसेल तर उकळलेलं पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात दोनदा ओता.

मी गेल्या डिसेंबरात तोरणमाळला केटल घेऊन गेलो होतो. चहा फिका यायला लागला, कळेना का. मग ट्यूब पेटली. तिथली उंची हजार मीटरच्या वर, पाणी शहाण्णव-सत्त्याण्णवलाच उकळतं. तिथे डाळ शिजायला वेळ लागतो त्याच कारणाने. पाच सेकंद वाढवले, जमलं.

साठवणीचं कुणी बोललं नाही. मे महिन्यात आपल्या स्वयंपाकघरात हिरवा उलोंग (तुमचं तिएग्वानयिन त्याच जातीचं) ठेवाल तर जूनपर्यंत वाळलेला पाला. बंद पाकिटं फ्रिजमध्ये, डब्यात. पण फ्रिजमधून काढून लगेच फोडायची नाहीत, आतल्या पानाला दव सुटतं. तासभर बाहेर राहू द्या. पुएर उलट, त्याला फ्रिज नको, थोडी हवा हवी. आणि वासापासून दूर. मी पहिली चकती ज्या फळीवर ठेवली तिथे खाली काळ्या मसाल्याची बरणी होती. तीन महिन्यांनी केला तर धणे, दगडफूल, खोबरं, सगळं आलं. नुसती शेव टाकायची बाकी होती.

चकती मोडायची ती कोपऱ्यातून हाताने नको, चुरा होतो नि चुरा कडू. कडेतून टोकदार काहीतरी खुपसून थर उचलायचे. त्याची खास सुई मिळते, मी पोतं शिवायचा दाभण वापरतो.

मेहरूणचं_बोर:

झालं सगळं. निकाल सांगते.

रविवारी सकाळी साडेसहाला बसलो, नंतर उन्हाचा पारा चढला की गरम चहाचं नाव कोण काढणार. परवा ४४ होतं. भाचा ओतायला, आम्ही दोघं चाखायला, सासूबाई साक्षीला. भाच्याने कारखान्यातलं टीडीएस मीटर आणलं होतं, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं. बोअर ७८०. नळ २४०. आरओ ३०.

एक नंबरचा कप बघूनच कळला. बाकी दोन पोपटी-पिवळे, हा तपकिरी. पापुद्रा पाच मिनिटांत. वास ओल्या पुठ्ठ्याचा. ह्यांनी घोट घेतला नि म्हणाले, हा तर आपला रोजचा. काका, तुम्ही भिंग लावून दाखवावं तसं दिसलं.

तीन नंबर, म्हणजे आरओ निघालं, त्याचा वास सगळ्यांत वर. झाकलेली बशी हुंगली तर थेट निशिगंध. पण तोंडात गेल्यावर काहीच नाही. वाजंत्री दारात, वरात नाही. दोन नंबर नळाचा, वास थोडा दबलेला पण जिभेवर काहीतरी होतं, जाडसर, शेवटी उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांसारखं.

मग माझं डोकं चाललं. एक भाग नळाचं, दोन भाग आरओ. मीटरवर बरोबर १००. चौथा कप त्याचा केला. वासही आला, अंगही आलं, पापुद्रा नाही. आता त्या मिश्रणाचा वेगळा तांब्या भरून ठेवलाय, कुणी हात लावायचा नाही. नळ दिवसाआड येतो, त्या दिवशी तांब्या भरायचं काम ह्यांच्याकडे.

संध्याकाळी गायवान काढला. दादा, गार पाण्याचा सराव केला होता, परातीत वीसदा. पाणी वळणाच्या खाली. बोटाला काही झालं नाही. पहिलं फेकलं. बाराचा पाढा माझा अडखळतो, बारा साते चौऱ्याऐंशीला थांबते, म्हणून मी तेराचा म्हटला, तो पाठ आहे. का ते विचारू नका, आमच्या बाईंची छडी.

पहिला पेला नुसता सुगंध. दुसरा जरा हिरवट, वाफवलेल्या मेथीसारखा. तिसऱ्याला ह्यांनी फुरका मारला, काकांच्या आज्ञेवरून, आणि ठसका लागला. चौथ्याचं मला लिहायचंय. गिळताना किंचित तुरट वाटला. पेला खाली ठेवला, ह्यांच्याशी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि घशातून गोडवा वर आला. आवळा खाऊन वर पाणी प्यायल्यावर येतो ना, तो. साखरेचा कण नाही. मी बोलायचं विसरले. ह्यांना वाटलं पुन्हा पोळलं.

सहाव्यापासून उतरायला लागला. आठव्याला उसाच्या चिपाडाची चव. चोथा काढून ताटलीत पसरला, अख्खी पानं, देठासकट, तळहाताच्या निम्मी. आठ पेले प्यायले रात्री नऊला, जागी राहिले अडीचपर्यंत. ही चूक कुणी आधी सांगितली नाही, म्हणून मी सांगते.

जागेपणी मोबाइलवर नाव शोधत बसले. तिए म्हणजे लोखंड, ग्वानयिन म्हणजे करुणेची देवता. फूच्येनमधल्या आनशीचा हा चहा, तिथे एका देवळातल्या लोखंडी मूर्तीची दंतकथा सांगतात. आणि ती ग्वानयिन म्हणजे मूळचा आपला अवलोकितेश्वर, चीनमध्ये जाऊन स्त्रीरूप झालेला. अहो, आमच्या घरी पाहुणे आले की अजिंठा ठरलेलं असतं. पहिल्या लेण्यातला तो कमळ धरलेला पद्मपाणी मी किमान पंधरा वेळा पाहिलाय, प्रत्येक वेळी पाहुण्यांच्या पोरांना "भिंतीला हात लावू नका" ओरडत. तोच हा. उठून ह्यांना जागं करून सांगितलं. हो म्हणाले नि कूस बदलली.

शब्दाचंही तसंच. आपण 'चहा' म्हणतो तो चिनी 'छा'. फूच्येनच्या बंदरात त्यालाच 'ते' म्हणायचे, डचांनी ते नेलं नि इंग्रजांचं 'टी' झालं. म्हणजे माझ्या पाकिटातला चहा 'ते'च्या मुलखातला, आणि भाच्याने विकत घेतला तो 'छा'च्या ग्वांगझूत.

पुएर बोळक्यात आहे, आज अकरावा दिवस. ढेप गेली, आता नुसत्या ओल्या मातीचा वास येतो. दाभण माळ्यावर सापडला. मी कडेतून खुपसला तर सटकून ओट्यावर आपटला. सासूबाईंनी माझ्या हातातून घेतला. त्यांची उमर कापसाची पोती शिवण्यात गेली. कागद मांडीवर पसरला, चकती आडवी धरली, दाभण थरात सरकवून मनगट नुसतं फिरवलं. पोह्यांच्या पापडासारखा पापुद्रा अलगद सुटला, एक पान तुटलं नाही. असे सहा काढले. चहा त्यांनी अजून तोंडात घेतलेला नाही, विचारलं तर म्हणतात, "माले तुन्हं पानी नको. जधळ गवरी फोडनी व्हई तधळ हाक मार."

चाळीसगावची_टपरी:

ताई, सगळं वाची काढं. एकच इचारनं. ते मीटर कोठे भेटस नी कितलाले? आमना टपरीनं पानी बी बोअरनंच शे.